सागरी सर्वेक्षणाच्या ट्रॅकमधला ऑफसेट आणि ड्रिफ्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंदर, खाडी आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यात छोट्या लाँचवरून सर्व्हे करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. ट्रॅक म्हणजे होडी कुठून गेली त्याची नोंद, आणि लाईन म्हणजे सर्व्हेसाठी मारलेली एकेक फेरी. आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारा एक इकोसाउंडर, एक जीपीएस, एक लॅपटॉप आणि वर ताडपत्री, एवढाच ज्यांचा सरंजाम, ते डोळ्यासमोर ठेवले आहेत. एकाच वेळी तळाचा रुंद पट्टा मोजणाऱ्या मल्टिबीमवाल्यांनाही बराचसा भाग लागू पडेल, पण त्यांच्याकडे पॅच टेस्टची, म्हणजे ठरावीक फेऱ्या मारून असे दोष मोजण्याची, रीतसर पद्धत असते आणि ती त्यांनी सोडू नये.

ऑफसेट आणि ड्रिफ्ट यांत नेमका फरक काय?

ऑफसेट म्हणजे ठरलेला फरक. सकाळी सातला जेवढा, संध्याकाळी पाचलाही तेवढाच. जीपीएसची अँटेना आणि इकोसाउंडरचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडणारा भाग) यांच्यातलं अंतर, चुकीचा डेटम (अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो), बेस स्टेशनला (किनाऱ्यावरच्या स्थिर जीपीएसला) दिलेले चुकीचे अक्षांश-रेखांश ही सगळी ऑफसेटची पिलावळ. ड्रिफ्ट वेळेबरोबर वाढत जातो. लॅपटॉपचं घड्याळ मागे पडतं, दिशा दाखवणारा जायरो हळूहळू सरकतो, चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या मॅग्नेटोमीटरचा आकडा दिवस चढेल तसा बदलतो.

दोन्ही एकाच फायलीत असले तर आधी ऑफसेट काढा. लाईनी एकाआड एक उलट दिशेने मारलेल्या असतात, त्यामुळे न काढलेला ऑफसेट एकदा पुढे, एकदा मागे असा नाचतो आणि त्या नाचाखाली ड्रिफ्ट दिसतच नाही.

शब्दाचा एक घोळ इथेच मिटवू. प्रवाहाने होडी लाईनवरून वाहून गेली तर त्यालाही आपण ‘ड्रिफ्ट झाली’ म्हणतो. तो डेटामधला दोष नाही. होडी वाहिली आणि जीपीएसने ती वाहिलेली जागा बरोबर टिपली. लाईन वाकडी दिसते म्हणून ती सरळ करायला जाणारे लोक मी पाहिले आहेत. वाकडी लाईन खरी असू शकते.

दोष आहे हे कळतं, पण कशामुळे आहे ते कसं ओळखायचं?

फरक कशाबरोबर फिरतो ते बघा. सगळ्या दुरुस्तीचं मूळ या एका प्रश्नात आहे.

होडी वळली की फरकही वळतो का? उत्तरेला जाताना ट्रॅक उत्तरेकडे सरकलेला आणि दक्षिणेला परतताना दक्षिणेकडे, असं असेल तर दोष होडीवरच आहे. एक तर मापं चुकली आहेत, नाहीतर वेळ चुकली आहे. होडी कुठेही वळली तरी फरक कायम, समजा, ईशान्येलाच राहतो का? मग दोष होडीबाहेरचा: डेटम, प्रोजेक्शन किंवा बेस स्टेशन. वेग वाढवला की फरक वाढतो का? मग घड्याळ किंवा उशीर. आणि यातलं काहीच नाही, पण दुपारच्या लाईनी सकाळच्यांशी जुळत नाहीत, तर ड्रिफ्ट.

पडद्यावर सर्वांत आधी दिसणारी खूण म्हणजे आरीचे दात. गाळ काढलेल्या चॅनेलची कड घ्या. प्रत्यक्षात ती सरळ असते. समखोलीची रेषा तिथे करवतीसारखी दातेरी निघाली आणि एकेक दात एकेका लाईनचा असला, तर समजा की जाणाऱ्या आणि येणाऱ्या लाईनी एकमेकींपासून सरकल्या आहेत. सपाट तळावर हा दोष अजिबात दिसत नाही, म्हणून तपासणीसाठी उतार शोधा. सहास एक उतारावर ट्रॅक ३ मीटर सरकला तर खोलीत अर्ध्या मीटरचा फरक पडतो.

उलट, सपाट तळावरही लाईनींच्या खोल्या जुळत नसतील तर ट्रॅकला बोल लावू नका. तिथे भरती-ओहोटीची दुरुस्ती चुकलेली असण्याची शक्यता जास्त. मुंबईच्या अपोलो बंदरचा भरतीचा आकडा खाडीत आतवर तसाच चालत नाही. पाणी उशिरा पोचतं, उंचीही बदलते, आणि उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांत ही चूक भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांपेक्षा कितीतरी ठळक होते.

अँटेना आणि ट्रान्सड्यूसरमधली मापं कशी घ्यायची?

टेपने, दोघांनी, दोनदा, होडी धक्क्याला स्थिर असताना. मूळ बिंदू ट्रान्सड्यूसर धरा. तिथून अँटेना नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) किती, उजवीकडे किती, वर किती, असे तीन आकडे. कागदावर होडीचं चित्र काढून त्यावर बाण काढा. नुसते अधिक-उणे लिहिले तर आठवड्याने ते तुम्हालाच कळणार नाहीत.

अँटेना ट्रान्सड्यूसरच्या ३.२ मीटर पुढे आणि १.१ मीटर उजवीकडे आहे असं धरू. मग अँटेनापासून ट्रान्सड्यूसर ३.२ मीटर मागे आणि १.१ मीटर डावीकडे. पूर्वेकडचा फरक काढायला ‘पुढे’चा आकडा हेडिंगच्या (होडीच्या तोंडाच्या दिशेच्या) साईनने आणि ‘उजवीकडे’चा आकडा कोसाईनने गुणून बेरीज करा. उत्तरेकडच्या फरकासाठी ‘पुढे’ गुणिले कोसाईन, त्यातून ‘उजवीकडे’ गुणिले साईन वजा. होडीचं तोंड पूर्वेला, म्हणजे हेडिंग ९० अंश असेल, तर ट्रान्सड्यूसर अँटेनाच्या ३.२ मीटर पश्चिमेला आणि १.१ मीटर उत्तरेला येतो. हे एक उदाहरण हाताने सोडवून सॉफ्टवेअरच्या उत्तराशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

चिन्ह उलटं पडलं तर?

दुरुस्ती न केल्यापेक्षा वाईट होतं. वरच्या उदाहरणात ३.२ मीटर मागे न्यायच्या जागी ३.२ मीटर पुढे नेलं, तर चूक ६.४ मीटरची. परतीच्या लाईनवर तीच चूक उलट दिशेने, म्हणजे दोन लाईनींत १२.८ मीटरचं अंतर. काही सॉफ्टवेअर उजवी बाजू अधिक मानतात, काही डावी. काहींत माप अँटेनापासून द्यायचं असतं, काहींत अँटेनापर्यंत. दुरुस्तीनंतर दातेरीपणा नेमका दुप्पट झाला असेल तर फार शोधाशोध नको, चिन्ह बदला.

मापं बरोबर होती, तरी तिसऱ्या दिवसापासून लाईनी जुळेनाशा झाल्या. असं का?

काहीतरी हललं आहे. मी एकदा रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीत भाड्याच्या लाँचवर काम करत होतो. दोन दिवस सगळं छान. तिसऱ्या दिवशी जाण्या-येण्याच्या लाईनींत पाचेक मीटरचा फरक. रात्री दोनपर्यंत केबल, कनेक्टर, सॉफ्टवेअरच्या सेटिंग, सगळं उपसलं. सकाळी तांडेल चहा घेऊन आला आणि पडद्याकडे बघत म्हणाला, “साहेब, तो दांडा मी परवा रात्री मागे घेतलाय. ताडपत्रीला आड येत होता.” अँटेनाचा दांडा! टेप लावली तर अँटेना जुन्या जागेपासून २.४ मीटर मागे. पाच मीटरच्या निम्मे अडीच, हिशेब जुळला.

तेव्हापासून मी दांड्याच्या बुडाशी रंगाची खूण करतो आणि तांडेलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो. त्याची चूक नव्हती. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की त्या दांड्याला हात लावायचा नाही.

हेडिंग नाही, फक्त जीपीएसचा कोर्स आहे. चालेल?

आडवा प्रवाह नसेल तर चालेल. खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या जोरात लाईन धरायची तर होडी नाळ एका बाजूला काढून तिरकी चालते. तिचं तोंड एकीकडे, जाणं दुसरीकडे. १५ अंशांचा फरक सहज पडतो, आणि ३.२ मीटरच्या मापावर तो सुमारे ८० सेंटिमीटरची चूक देतो. दोन अँटेनांचा जीपीएस कंपास असेल तर उत्तम. नसेल तर एकुलती अँटेना थेट ट्रान्सड्यूसरच्या दांड्यावर बसवा आणि हा हिशेबच टाळा. लहान होडीवर माझी पहिली पसंती नेहमी हीच.

तरीही होडी डोलते तेव्हा उंच दांड्याची अँटेना बाजूला झुकते. ४ मीटर उंचीवर ६ अंशांच्या डोलण्याने ४२ सेंटिमीटर. शांत खाडीत सोडून द्या. उघड्या समुद्रात मोशन सेन्सर लावा.

मापाची चूक आणि वेळेची चूक वेगळी कशी करायची? दोन्ही लाईनीच्या दिशेतच दिसतात.

एकच लाईन दोन वेगांनी, दोन्ही दिशांना मारा. म्हणजे चार फेऱ्या, एखाद्या ठसठशीत कडेवरून.

समजा ३ नॉटने जाता-येता कड ३.४ मीटर सरकलेली दिसली आणि ६ नॉटने ५ मीटर. दोन्हींचं निम्मं करा: १.७ आणि २.५. वेग वाढल्याने पडलेला फरक ०.८ मीटर. ३ नॉट म्हणजे सेकंदाला १.५४ मीटर, आणि दोन फेऱ्यांच्या वेगात फरकही तेवढाच. ०.८ भागिले १.५४ म्हणजे सुमारे ०.५२ सेकंद. हा झाला वेळेचा उशीर. ३ नॉटच्या फेरीत या उशिराचा वाटा ०.८ मीटर, म्हणून १.७ मधून उरलेला ०.९ मीटर हा मापाचा दोष. नुसती ३ नॉटची फेरी बघून कोणी सगळा १.७ मीटर मापाच्या खात्यात टाकला असता, तर त्या वेगाला चित्र सुंदर जुळलं असतं आणि वेग बदलल्याक्षणी बिघडलं असतं.

ट्रान्सड्यूसरचा दांडा पुढे-मागे कललेला असेल तरी ‘मापा’सारखाच दोष दिसतो, पण तो खोलीबरोबर वाढतो. शंका आली तर हीच चाचणी दुप्पट खोल पाण्यात करा.

बरोबर १८ सेकंदांचा फरक येतोय. योगायोग?

नाही. जीपीएसचा स्वतःचा काळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे, १ जानेवारी २०१७ पासून. एक उपकरण जीपीएस काळ लिहितंय, दुसरं यूटीसी. ४ नॉटला १८ सेकंद म्हणजे ३७ मीटर. सेटिंग बदला किंवा जीपीएस काळाच्या सगळ्या नोंदींतून १८ सेकंद वजा करा. साडेपाच तासांचा फरक असेल तर तो कुठून आला ते सांगायला नको.

लॅपटॉपचं घड्याळ किती चुकतं आणि ते कसं दुरुस्त करायचं?

घड्याळाचा स्फटिक दहा लाखांत वीस इतका चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. सकाळी निघताना आणि परत आल्यावर लॅपटॉपची वेळ जीपीएसशी ताडून लिहा. मधल्या लाईनींना वेळेच्या प्रमाणात वाटणी द्या. सकाळी ०.२ आणि दहा तासांनी ०.९ सेकंद फरक असेल, तर पाचव्या तासाच्या लाईनीला ०.५५.

मात्र एक खोड आहे. लाँच किनाऱ्याजवळ आली, मोबाइलला रेंज आली, आणि हॉटस्पॉटवरून लॅपटॉपने आपली वेळ गुपचूप इंटरनेटशी जुळवून घेतली, तर ड्रिफ्ट मध्येच तुटतो. सरळ वाटणी तिथे खोटी पडते. सर्व्हेच्या दिवशी वेळ आपोआप जुळवण्याची सोय बंद ठेवा. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक नोंदीवर जीपीएसचीच वेळ लिहा.

सगळाच्या सगळा सर्व्हे शंभरेक मीटर सरकलाय.

पहिला संशय डेटमवर. आपले जुने तक्ते आणि नकाशे एव्हरेस्ट एलिप्सॉइडवर (पृथ्वीचा आकार मानण्याच्या जुन्या पद्धतीवर) आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या पद्धतीवर. मुंबईजवळ हा फरक साधारण शंभर-सव्वाशे मीटर भरतो. जुन्या नकाशावर नवा ट्रॅक टाकून तो धक्क्याच्या भिंतीतून गेलेला दिसला तर जीपीएसला शिव्या देऊ नका. आणि नुसतं उचलून सरकवू नका. डेटम बदलण्याचं रूपांतर वापरा, कारण हा फरक जागेनुसार बदलतो.

फरक किलोमीटरांत असेल तर दोन गोष्टी बघा. एक, अंश-मिनिटांचा घोळ. जीपीएस बाहेर पाठवतो त्या एनएमईए ओळीत १८५४.३०० असतं, म्हणजे १८ अंश ५४.३०० मिनिटं, म्हणजेच १८.९०५ अंश. कोणी ते १८.५४३ अंश असं वाचलं की होडी ४० किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडते. ओळखायची खूण सोपी आहे: फायलीत दशांशचिन्हानंतरचा आकडा कधीच ५९९९ च्या वर जात नाही.

दुसरी गोष्ट यूटीएम झोन, म्हणजे अक्षांश-रेखांश मीटरमध्ये मांडण्यासाठी पाडलेले पृथ्वीचे उभे पट्टे. महाराष्ट्र आणि गोव्याचा पूर्ण किनारा झोन ४३ मध्ये येतो, पण ७२ रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४२ सुरू होतो आणि मुंबई हायची तेलक्षेत्रं तिकडे आहेत. मुंबईहून तिकडे जाणाऱ्या लाईनीवर सॉफ्टवेअरने आपोआप झोन बदलला की ट्रॅक मध्येच तुटून भलतीकडे उडतो. संपूर्ण कामाला एकच झोन ठरवा आणि तो सक्तीने लावा.

रोज वेगळाच ऑफसेट येतो. हा ड्रिफ्ट म्हणायचा का?

बहुतेक वेळा नाही. रोज सकाळी बेस स्टेशन नव्याने लावून ‘आहे ती जागा घे’ असं बटण दाबलं जातं. त्या क्षणी बेस स्वतःची जी जागा समजतो ती दोन-तीन मीटरनी चुकलेली असू शकते, आणि दिवसभराचा आरटीके (बेसच्या मदतीने तिथल्या तिथे दुरुस्त होणारा) ट्रॅक आतल्या आत अचूक असूनही सगळा तेवढाच सरकतो. बेस कायम एकाच खुणेवर, एकाच आकड्यांनी लावा. झालेलं काम वाचवायचं असेल तर जेट्टीवरच्या एका ठरलेल्या खुणेवर रोज घेतलेली दहा मिनिटांची नोंद कामी येते. ती घेतली नसेल तर लाईनींच्या छेदांवरून फरक काढावा लागतो, आणि तो तितका पक्का नसतो.

साध्या जीपीएसची जागा सकाळ-संध्याकाळ वेगळी येते. सरळ वाटणी करू का?

करू नका. घड्याळ एकाच दिशेने सरकतं, साधा जीपीएस भटकतो. दुपारी तो कुठे होता हे सकाळ आणि संध्याकाळ पाहून कळत नाही. कच्ची निरीक्षणं नोंदलेली असतील तर घरी येऊन बेसच्या डेटाबरोबर पुन्हा गणित करा. नसतील तर दोष अहवालात लिहा आणि तसाच ठेवा. खोटी वाटणी करून चित्र गुळगुळीत केलं की पुढच्या माणसाला दोष शोधायची संधीही उरत नाही.

जुन्या जहाजांचे ट्रॅक वापरायचे आहेत. त्यांतला ड्रिफ्ट कसा काढतात?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा ऐसपैस.

गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची. त्याआधी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत आयएनएस किस्तनासारखी जहाजं फिरली. तेव्हा जागा ताऱ्यांवरून काढायची आणि मधला वेळ होकायंत्र आणि वेगावरून अंदाजाने पुढे चालायचं. पुढे ट्रान्झिट हे जीपीएसच्या आधीचे उपग्रह आले, पण त्यांच्याकडूनही जागा सलग मिळत नसे. तासा-दोन तासांनी एकदा, मधे पुन्हा अंदाज. त्यामुळे या ट्रॅकमध्ये दर थोड्या वेळाने एक उडी दिसते. ती उडी म्हणजे मधल्या काळात साठलेला ड्रिफ्ट.

समजा दोन नोंदींत ९० मिनिटं आहेत आणि दुसऱ्या नोंदीला जहाज अंदाजापेक्षा १.८ किलोमीटर नैर्ऋत्येला निघालं. इथे सरळ वाटणी योग्य: ३० मिनिटांनंतरचा बिंदू ०.६ किलोमीटर, ६० मिनिटांनंतरचा १.२ किलोमीटर नैर्ऋत्येला. यामागे गृहीतक असं की त्या वेळात प्रवाह एकसारखा होता. म्हणून त्या प्रवाहाचा वेग काढा. दीड तासात १.८ किलोमीटर म्हणजे सुमारे ०.६५ नॉट. अरबी समुद्रात हे पटण्यासारखं आहे. खोल समुद्रात ४ नॉट निघाले असते तर तो प्रवाह नव्हता. एखादी नोंद चुकली, किंवा वळण घेतल्याची वेळ वहीत चुकीची लिहिली गेली.

मधे जहाज वळलं असेल तर आणखी जपून. प्रवाहाचा ढकल जहाज कुठेही तोंड करो, एकाच दिशेला असतो. वेगमापक कमी दाखवत असेल तर ती चूक जहाजाबरोबर वळते. दोन्ही एकाच वाटणीत कोंबल्या की वळणापाशी ट्रॅक बिघडतो. मग दोन वेगळ्या दिशांच्या पट्ट्या घेऊन दोन्ही चुका एकत्र सोडवायच्या आणि निकाल लाईनींच्या छेदांवर तपासायचा: एकाच जागी दोनदा मोजलेली खोली किंवा गुरुत्वाचा आकडा सारखा यायला हवा.

मॅग्नेटोमीटर किंवा साईड-स्कॅन (आवाजाने तळाचं चित्र काढणारं उपकरण) मागे ओढत नेतो. त्याची जागा कशी धरायची?

केबल ६० मीटर सोडली आहे, मासा (मागे ओढलेलं उपकरण) २० मीटर खोल आहे, तर आडवं अंतर सुमारे ५६.६ मीटर. ओढायच्या जागेपासून अँटेनापर्यंत ९ मीटर मिळवले की ६५.६. प्रत्यक्षात केबलला झोळ असतो, म्हणून अंतर थोडं कमी भरतं. किती कमी, ते एखाद्या ओळखीच्या वस्तूवरून दोन्ही दिशांनी जाऊन काढा. बोयाचा सिंकर (तळावरचं वजन) चांगला. वळल्यानंतर मासा सरळ यायला वेळ घेतो, तो तुकडा टाकून द्या.

मॅग्नेटोमीटरला दुसराही ड्रिफ्ट असतो आणि तो उपकरणाचा नसतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच दिवसभरात काही दहा नॅनोटेस्लांनी हलतं, आणि पुरलेली पाइपलाइन शोधताना आपण तेवढ्याच आकड्यांच्या मागे असतो. आपल्या किनाऱ्यावर या दुरुस्तीसाठी अलिबागची वेधशाळा हाताशी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला उभी राहिली. कामाची जागा लांब असेल तर किनाऱ्यावर स्वतःचा बेस मॅग्नेटोमीटर लावा, मोटारसायकलींच्या पार्किंगपासून दूर.

लाईनी हाताने ओढून जुळवल्या तर काय बिघडतं?

जुळतात. एवढंच. उद्या क्लायंट विचारतो की १४ नंबरची लाईन २.७ मीटर का सरकवली, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

कुठे थांबायचं? शेवटच्या सेंटिमीटरपर्यंत दुरुस्ती करायची का?

काम कशासाठी आहे ते बघा. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-४४ मानकाच्या सहाव्या आवृत्तीत ऑर्डर १ए या दर्जासाठी आडवी अनिश्चितता ५ मीटर अधिक खोलीच्या ५ टक्के चालते, म्हणजे १० मीटर पाण्यात साडेपाच मीटर. त्याहून कडक स्पेशल ऑर्डरला २ मीटर. दोन्ही ९५ टक्के खात्रीने. जहाजाच्या तळाखाली जेमतेम पाणी असलेल्या चॅनेलमध्ये दोन मीटरसाठी भांडा. उघड्या पाण्यातल्या ढोबळ कामात आठ सेंटिमीटरच्या मागे लागून रात्र घालवू नका.

दुरुस्तीची नोंद कशी ठेवायची?

कच्ची फाइल कुलूपबंद, दुरुस्ती कायम प्रतीवर. प्रत्येक दुरुस्तीला एक ओळ: काय बदललं, किती, कोणत्या लाईनींना, कोणत्या चाचणीवरून. आणि रोज निघण्याआधी अँटेनाच्या दांड्याचा टेपसकट एक फोटो. ताडपत्रीही फोटोत आली तर बरंच.